डावीकडची नजर

९ डिसेंबर १८८३ रोजी जर्मनीत जोसेफ पिलाटेस या माणसाचा जन्म झाला. त्याच्या नावाने आज जगभर जो व्यायाम चालतो, त्याच्या कुळकथेतली एवढी गोष्ट निर्विवाद आहे. पहिल्या महायुद्धात शत्रुराष्ट्राचा नागरिक म्हणून तो इंग्लंडच्या ताब्यात स्थानबद्ध होता, हेही खरे. मात्र त्या छावणीत त्याने आजाऱ्यांच्या खाटांना स्प्रिंगा बांधल्या आणि अंथरुणाला खिळलेल्या माणसांना पडल्यापडल्या हातपाय ओढायला लावले, ही सर्वांची लाडकी गोष्ट मुख्यतः सांगोवांगी आलेली आहे. एकाग्रता, नियंत्रण, केंद्र, अचूकता, श्वास आणि प्रवाह ही सहा तत्त्वे अनेक वर्गांच्या भिंतींवर लावलेली दिसतात. तीही त्याच्या हयातीत अशी एका माळेत ओवलेली नव्हती, यादी त्याच्या पश्चात अनुयायांनी केली. त्याने स्वतः आपल्या पद्धतीला 'कंट्रोलॉजी' म्हटले, १९४५ साली आपल्याच छायाचित्रांसह व्यायामांचा क्रम छापला, आणि बाकीचे माणसाच्या अंगाला हात लावून शिकवले. अंगावरून अंगावर गेलेल्या विद्येत मूळचे काय आणि वाटेत चिकटलेले काय, हे वेगळे काढणे कठीण जाते. एका खोलीत चिकटलेल्या अशाच एका गोष्टीची ही हकीगत.

स्प्रिंगवाल्याला या सगळ्यातली फक्त खाटेची गोष्ट ठाऊक होती. ती त्याला बायकोने सांगितली होती, आणि ऐकल्यावर त्याचा पहिला प्रश्न होता, "तार किती जाडीची होती?"

त्याचा कारखाना म्हणजे एक लांबट खोली, एक लेथ, भिंतीला टांगलेली तारेची वेटोळी आणि तेलाचा वास. सोफ्याच्या, फाटकाच्या, वजनकाट्याच्या, खेळण्यातल्या बेडकाच्या, कसल्याही स्प्रिंगा तो वळून द्यायचा. बायको त्याच्या आयुष्यात आली ती गिऱ्हाईक म्हणून. ती तेव्हा एका रुग्णालयात, मोडलेली माणसे पुन्हा चालती करण्याच्या विभागात मदतनीस होती. रुग्णांना उचलून उचलून तिची स्वतःचीच पाठ धरली होती, आणि एका नृत्यशिक्षिकेने तिला जमिनीवर झोपवून ती सोडवली होती. ती नृत्यशिक्षिका जिच्याकडे शिकली, ती म्हणे थेट पिलाटेसच्या शिष्येकडे शिकलेली. त्यातल्या 'म्हणे'पलीकडे कोणी कधी गेले नाही.

"मला अशी स्प्रिंग हवी," ती दारातूनच म्हणाली होती, "जी ओढताना भांडेल, पण परत जाताना रुसणार नाही."

स्प्रिंगवाल्याने लेथ बंद केला. "बाई, अशी स्प्रिंग नसते. असा नवरा मिळाला तर बघा."

"नवरा नंतर बघू. आधी स्प्रिंग दाखवा."

तिला सरकत्या फळीचे ते यंत्र बनवायचे होते, ज्याला तिच्या धंद्यात रिफॉर्मर म्हणतात: खाटेसारखी चौकट, आत चाकांवर फळी, फळीला स्प्रिंगा, आणि माणूस पाठीवर पडून पायांनी ती फळी ढकलणार. विकत घेण्याची ऐपत नव्हती. चौकट एका जुन्या लोखंडी पलंगाची झाली. स्प्रिंगा त्याने वळल्या, तिने ओढून पाहिल्या, नापास केल्या. त्याने पुन्हा वळल्या. "धसका देते," ती म्हणायची. किंवा, "ही आळशी आहे." यंत्र पुरे होईपर्यंत दोघांचे लग्न ठरले होते, आणि कारखान्यातली माणसे म्हणत की सायबाने मुद्दाम स्प्रिंगा बिघडवल्या.

आता बायको जाऊन एक हिवाळा संपत आला होता. छातीचा आजार, रुग्णालयात थोडे दिवस, मग नाही. तिचा वर्ग शिलाई यंत्रांच्या दुरुस्तीच्या दुकानावरच्या खोलीत भरे, आणि आता तो तिची सर्वांत जुनी विद्यार्थिनी चालवत होती. शाळकरी वयात वाकड्या पाठीने आलेली ही मुलगी सरळ झाली ती इतकी, की वर्गात तिला सगळे फुटपट्टी म्हणत, तोंडावरसुद्धा. तिलाही ते आवडे. रिफॉर्मरच्या स्प्रिंगा दरवर्षी बदलाव्या लागतात, कारण थकलेली स्प्रिंग दिसायला धड असते आणि एखाद्या दिवशी दगा देते. हे काम स्प्रिंगवाला नेहमीच करत आला होता, पण वर्ग सुटल्यावर. तो घरातला कायदाच होता. "तुमची ठोकाठोक चालू झाली की माझ्या माणसांचे श्वास चुकतात," बायको म्हणायची. "वर्ग सुटला की या." सारा संसार झाला, त्याने बायकोला शिकवताना एकदाही पाहिले नव्हते.

त्या दिवशी वर्ग लांबला. स्प्रिंगांची पिशवी मांडीवर घेऊन तो दाराजवळच्या बाकावर बसला. जमिनीवर माणसे ओळीने उताणी पडली होती. बसचा ड्रायव्हर होता, ज्याची कंबर वर्षानुवर्षे स्टिअरिंगने खाल्ली होती. शेजारी दातांच्या डॉक्टरीणबाई. मागे दोन बहिणी, ज्या श्वास सोडताना हमखास हसत.

"हात वर. श्वास घ्या. हनुवटी छातीकडे, श्वास सोडत उठा," फुटपट्टी सांगत होती. "ड्रायव्हर, उठायचं आहे, उडायचं नाही. आता परत खाली. एकेक मणका टेकवत. मोती ओघळल्यासारखे."

"माझे मोती गंजलेत," ड्रायव्हर म्हणाला.

"गंजू देत, पण एकेक टेकवा."

सगळी माणसे एका संथ लाटेसारखी मागे जाऊ लागली. आणि अर्ध्या वाटेवर, पाठ धड बसलेली नाही आणि धड झोपलेली नाही अशा त्या अवघड जागी, सगळी थांबली. सगळ्यांची मान डावीकडे वळली. जरा खाली. एक श्वासभर सगळे डोळे डावीकडे काहीतरी पाहत राहिले, मग माना सरळ झाल्या आणि पाठी जमिनीला लागल्या.

स्प्रिंगवाल्याच्या मांडीवरची पिशवी घसरली. स्प्रिंगा फरशीवर खणखणत गेल्या. बहिणी हसल्या.

ती मान त्याने पाहिली होती. खूप वर्षांपूर्वी, स्वतःच्या घराच्या पुढच्या खोलीत.

लग्नानंतर त्यांना मुलगी झाली होती. जन्मापासूनच तिच्या हृदयात काहीतरी कमी होते. डॉक्टरांनी ते कागदावर चित्र काढून समजावले होते आणि चित्र पाहून स्प्रिंगवाल्याला वाटले होते की झडपेचाच तर प्रश्न आहे, झडपांच्या स्प्रिंगा तर आपण रोज वळतो. तिच्यासाठी त्याने छताच्या कडीला पाळणा टांगला, आणि पाळण्याला एक स्प्रिंग वळून लावली. त्याच्या हातून इतकी मऊ स्प्रिंग आधी किंवा नंतर कधी उतरली नाही. पोरीने नुसता श्वास घेतला तरी पाळणा किंचित हलायचा.

बाळंतपणानंतर बायकोची पाठ पुन्हा दुखू लागली. ती पाळण्याशेजारीच सतरंजी घालून व्यायाम करी. उठताना ठीक असे, कारण तेव्हा नजर पायांकडे. पण मागे जाताना पोर दिसेनाशी होई, आणि तेवढेही तिला सोसत नसे. म्हणून ती अर्ध्यावर थांबायची, मान डावीकडे करायची, पाळणा हलतोय ना ते पाहायची, आणि मगच खाली जायची. तो कारखान्यातून जेवायला येई तेव्हा दारात उभा राहून हे बघत असे.

"अगं, हा व्यायाम आहे का पहारा?"

"दोन्ही," ती म्हणायची.

पोरीचा फोटो काढायचा राहिला होता. जरा बाळसं धरू दे, मग काढू, असे दोघांचेही म्हणणे होते. तिने बाळसे धरले नाही. पहिला वाढदिवस दूर असतानाच एका दुपारी पाळणा हलायचा थांबला.

त्यानंतरच्या दिवसांत बायको त्या रिकाम्या पाळण्याकडे बघत बसे. जेवताना, बोलताना, कोणी भेटायला आले तरी. स्प्रिंगवाल्याला ते बघवेना. एकदा त्याने तिच्या डाव्या गालाला हात लावला आणि तिचा चेहरा आपल्याकडे वळवला. "इकडे बघ," तो म्हणाला. "माझ्याकडे बघ." तिने बघितले. पुन्हा तिकडे मान गेली, त्याने पुन्हा वळवली. मग एके सकाळी ती रुग्णालयात कामावर गेलेली असताना त्याने पाळणा उतरवला, लाकूड कोणाला तरी देऊन टाकले, आणि स्प्रिंग कारखान्यात नेऊन कटरने तुकडे तुकडे केली. परत आल्यावर तिने छताकडे पाहिले. कडी तेवढी राहिली होती. पोरीचे नाव त्या घरात पुन्हा कोणी घेतले नाही, आणि दुसरे मूल झाले नाही. पुढे तिने ही खोली भाड्याने घेतली आणि शिकवू लागली. ती सावरली, असे तो लोकांना सांगत असे. त्याचा तसा विश्वासही होता.

"काका, लागलं तर नाही ना?" फुटपट्टी स्प्रिंगा गोळा करत होती. वर्ग सुटला होता.

"हे मध्येच मान वळवतात, ते काय?" त्याने विचारले.

उत्तर ड्रायव्हरने दिले, बूट घालता घालता. "ती नजर! बाईंची नजर. मानेतली गाठ सुटते त्याने."

"मानेची नव्हे हो," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "डावा खांदा वर चढलाय का, ते तपासायचं असतं."

"मला तर वाटायचं घड्याळ बघतात," धाकटी बहीण म्हणाली. "अजून किती उरलंय म्हणून."

"बाईंनी काय सांगितलं होतं?"

बाईंनी काहीच सांगितले नव्हते. बाई तसे करत, म्हणून सगळे करत. आधीच्यांचे बघून नंतरचे करत.

"तोच तर घोळ आहे, काका," ते गेल्यावर फुटपट्टी म्हणाली. "पुढच्या महिन्यात पिलाटेस शिकवणाऱ्यांच्या संस्थेच्या परीक्षक येणार आहेत. वर्गाला मान्यता मिळाली तर हे सगळं टिकेल, नाहीतर कोण येणार आता इथे? मी जुनी छायाचित्रं बघितली, इतर शिक्षकांना विचारलं. रोल-अपमध्ये, म्हणजे या उठून पुन्हा टेकण्याच्या व्यायामात, ही मान कुठेच नाही. कुठेच म्हणजे कुठेच. वर प्रवाह तुटतो तो वेगळाच. काढून टाकावी लागेल."

"राहू दे ना."

"का पण?"

त्याने तोंड उघडले. पोरीचे नाव जिभेवर यायला हवे होते. इतक्या वर्षांत त्या नावाने जीभ वळली नव्हती. "तिला आवडायचं," तो कसाबसा म्हणाला.

फुटपट्टीचे डोळे भरले, पण ती फुटपट्टी होती. "काका, बाईच म्हणायच्या. आवडतं म्हणून करायचं नाही. नेमकं आहे म्हणून करायचं."

घरी गेल्यावर त्याने पुढच्या खोलीतली खुर्ची बाजूला सरकवली आणि फरशीवर उताणा झाला. तिची सतरंजी जिथे असायची तिथेच. उठायचा प्रयत्न केला तर पाय वर गेले आणि धड जमिनीलाच राहिले. तीनदा आपटल्यावर कोपराचा टेकू देऊन तो अर्धा उठला, अर्धा पडला, आणि मान डावीकडे केली. पाळणा जिथे टांगलेला होता तिथे आता नुसती हवा होती. त्याच ओळीत, मागच्या भिंतीवर, घड्याळ होते. तेव्हाही तिथेच होते. ती शेवटी शेवटी घड्याळच बघत असेल, हे त्याला पटवून घेता आले असते. बरेही वाटले असते. पण मग त्याला तो कायदा आठवला. वर्ग सुटला की या. ठोकाठोकीमुळे श्वास चुकतात, हे खरेच असेल. किंवा जिथे कोणी गालाला हात लावून मान वळवणार नाही अशी एक खोली तिला हवी असेल, आणि त्या खोलीत नवरा यायला नको असेल.

घरात पोरीचे काही नव्हते. फोटो नाही, अंगडे नाही, स्प्रिंगसुद्धा त्याने ठेवली नव्हती. ती कोणीतरी होती आणि तिच्याकडे कोणीतरी बघत होते, एवढे फक्त त्या परक्या माणसांच्या मानांत उरले होते. एका ड्रायव्हरच्या, एका दातांच्या डॉक्टरच्या आणि दोन हसऱ्या बहिणींच्या मानेत.

पुढच्या आठवड्यात तो मुद्दाम वर्गाच्या वेळेला गेला. हातात पिशवी नव्हती.

"आजपासून नजर बंद," फुटपट्टीने जाहीर केले. "खाली जाताना डोळे गुडघ्यांच्या रेषेत. मान समोर."

पण अंगाला सांगून कुठे कळते? माणसे मागे जाऊ लागली, अर्ध्यावर आली, आणि सगळ्या माना डावीकडे निघाल्या. "समोर!" फुटपट्टी म्हणाली. माना थबकल्या, बावचळल्या, परत आल्या. दुसऱ्या खेपेला निम्म्या माना हलल्या. तिसऱ्या खेपेला बहिणीसुद्धा सरळ गेल्या. स्प्रिंगवाला बाकावरून एकेक मान मोजल्यासारखी बघत होता. शेवटी ड्रायव्हर तेवढा उरला.

"नाही हो राहात," तो कण्हला. "आपोआप जाते."

"थांबा." फुटपट्टी त्याच्या शेजारी गुडघ्यांवर बसली. "आता जा खाली." आणि तो अर्ध्यावर येताच तिने त्याच्या डाव्या गालाला हळूच तळवा लावला आणि चेहरा समोर वळवला. "असं. समोर बघा. समोर."

"हात काढ."

आवाज इतका मोठा आला की खालच्या दुकानातले शिलाई यंत्रही क्षणभर थांबल्यासारखे वाटले. स्प्रिंगवाला उभा होता.

"हात काढ त्याच्या गालावरचा. बघू दे त्याला."

फुटपट्टीने हात काढला. ड्रायव्हर तसाच अर्धवट अधांतरी, पोट थरथरत, आणि त्याची मान सावकाश डावीकडे गेली. तिथे घड्याळाखाली टॉवेल टांगायच्या खुंट्या होत्या. तो त्यांच्याकडे बघत राहिला, मग स्प्रिंगवाल्याकडे, आणि मग खाली टेकला.

वर्ग लवकर सुटला. जाताना कोणी हसले नाही.

"काका," फुटपट्टी दार लोटून म्हणाली, "काय झालं?"

"तिकडे आमची मुलगी असायची."

ती यंत्राच्या फळीवर बसली. फळी जराशी सरकली, स्प्रिंगा कुरकुरल्या. "बाईंना मुलगी होती?"

"होती." मग त्याने नाव सांगितले. पहिल्यांदा अर्धेच उमटले, म्हणून पुन्हा सांगितले. पाळण्याचे सांगितले. कटरचेही सांगितले. गालावरच्या हाताचे मात्र सांगता आले नाही. स्वतःच्या तळव्याकडे बघून तो थांबला.

"मी शाळेत असल्यापासून येते इथे," ती म्हणाली. "बाई माझ्या पाठीचा एकेक मणका ओळखायच्या. आणि मला हे माहीत नाही." ती रडली, तिच्या पद्धतीने, पाठ ताठ ठेवून. मग नाक पुसत म्हणाली, "आता मी ती नजर काढू कशी? आणि ठेवू तरी कशी? सगळ्यांना सांगितलं तर उद्या सगळे दया केल्यासारखी मान वळवतील. ती बाईंची नजर नाही राहणार. आणि नाही सांगितलं, तर ही चूकच आहे, काका. चूकच आहे ती."

"चूकच आहे," तो म्हणाला.

"मग काय करू?"

"मला स्प्रिंगांतलं तेवढं कळतं, बाळ."

परीक्षक आल्या त्या दिवशी सगळ्या माना समोर होत्या. वर्गाला मान्यता मिळाली. ड्रायव्हर त्या दिवशी वर्गात नव्हता. तो आजारी असल्याचा निरोप देऊन खालच्या दुकानात बसून राहिला, हे दुकानदाराने नंतर सांगितले. फुटपट्टीने पुढे वर्गात 'नजर' हा शब्द उच्चारला नाही आणि त्या जागी 'समोर' असेही म्हटले नाही. ज्याची मान जाते त्याची जाते. नवीन येणाऱ्यांची जात नाही, कारण त्यांना कोणी दाखवत नाही. त्यातला एखादा ड्रायव्हरच्या मागे पडला तर कधी कधी त्याचीही वळते. डॉक्टरीणबाईंची बंद झाली आहे. त्यांच्या ते लक्षातही आलेले नाही.

स्प्रिंगवाला आता वर्ग चालू असताना येतो, बाकावर बसतो, आणि संपल्यावर स्प्रिंगा तपासतो. घरी छताची कडी अजून आहे.

मुलगी होती, पाळणा डावीकडे होता, आणि बाई अर्ध्या वाटेवर थांबून तिकडे पाहत, एवढे नवऱ्याच्या साक्षीने खरे धरता येते. नंतरच्या सगळ्या वर्षांत, पाळणा नसलेल्या खोलीत शिकवताना, आपण मान वळवतो हे त्यांना ठाऊक होते का, हे माहीत नाही. त्या जागी त्यांना पाळणा दिसत होता, की घड्याळ, की काहीच नाही, हे माहीत नाही. वर्गाच्या वेळी नवऱ्याला येऊ न देण्याचे कारण ठोकाठोक हेच होते का, हेही माहीत नाही. त्याने ते कधी विचारले नव्हते.